हाय बोनेटचं स्टेअरिंग: कामाची वही

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचे पाहुणे परतले आणि आज गुऱ्हाळाच्या शेडमधून जीप बाहेर काढली. १९६८ सालची हाय बोनेट महिंद्रा. मागच्या बाकड्यांच्या जागी आजोबांनी फळ्यांचा पिकअपसारखा हौदा बांधून घेतला होता. गुळाचे रवे भरून ती मार्केट यार्डात जायची, येताना पेंडीची पोती आणायची. सहा वर्षं झाली, तिला कुणी रस्त्यावर नेलेली नाही. इंजिन अजून ठणठणीत आहे, गिअर पडतात, ब्रेक मागच्या वर्षीच केलेत. बंद राहिली ती फक्त स्टेअरिंगपायी. गगनबावड्याच्या रस्त्याला समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, आबांनी डावीकडं वळवलं आणि गाडी एका क्षणाच्या उशिरानं, पण गरजेपेक्षा जास्त वळली. चाक साइडपट्टी सोडून गटारीत गेलं. कुणाला लागलं नाही. पण आबांनी घरी येऊन किल्ली देवघरातल्या फळीवर ठेवली ती ठेवलीच.

आज पहिलं मोजमाप. चाकं सरळ केली, स्टेअरिंगच्या रिमवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि डॅशवर पट्टी धरली. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत रिम तब्बल ९ सें.मी. फिरते. रिमचा व्यास ४३ सें.मी., म्हणजे हे साधारण २४ अंश झाले. तेवढं स्टेअरिंग नुसतं हवेत फिरवल्यासारखं.

वहीत हा आकडा लाल शाईनं लिहिलाय. काम संपेल तेव्हा याच ठिकाणी, याच पट्टीनं पुन्हा मोजायचं.

१० नोव्हेंबर, रविवार

मिस्त्री आले. आबांच्या वेळेपासून आमच्या गाड्या बघतात, वय सत्तरीच्या पुढं. बोनेटसुद्धा उघडलं नाही. मला म्हणाले, "तू वर बस आन् स्टेअरिंग इकडं-तिकडं हलीव, हळू. मी खाली सांगतो." गोणपाट टाकून गाडीखाली शिरले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवून बसले. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई हाताला लगेच कळते.

या जीपची रचना थोडक्यात अशी. स्टेअरिंग बॉक्स रॉस पद्धतीचा. कॉलमच्या टोकाला खोल चरी कापलेला कॅम आणि त्या चरीत फिरणाऱ्या दोन पिना असलेला लिव्हर शाफ्ट. शाफ्टला ड्रॉप आर्म, ड्रॉप आर्मला ड्रॅग लिंक, ड्रॅग लिंक पुढं बेलक्रँकला. बेलक्रँक मधल्या पिनवर डुलतो आणि त्याच्यापासून दोन टाय रॉड दोन चाकांना जातात. शेवटी चाकाचा नकल, म्हणजे चाकाला घेऊन वळणारा सांधा, वर-खाली किंगपिनच्या बेअरिंगवर फिरतो. किंगपिन म्हणजे नकल ज्याच्यावर वळतो तो उभा खिळा. म्हणजे ड्रायव्हरचा हात आणि टायर यांच्यामध्ये मोजून आठ-नऊ सांधे.

रॉस बॉक्सचं गुणोत्तर मधोमध १२ ला १, दोन्ही टोकांना १४ ला १. त्यामुळं रिमवरचे २४ अंश म्हणजे ड्रॉप आर्मवर फक्त २ अंश, आणि आमचा ड्रॉप आर्म साधारण १५ सें.मी. लांब धरला तर त्याच्या टोकाशी जेमतेम ५ मि.मी. सगळी मिळून पाच मिलीमीटर! कुठलाच एक सांधा इतका खिळखिळा झालेला नाही की त्याच्याकडं बोट दाखवावं. बॉक्समध्ये दीडेक, बेलक्रँकच्या पिनवर दीड, बाकी दोन मिलीमीटर रॉडच्या टोकांनी वाटून घेतलेत. आजवर ज्यानं-त्यानं एखादाच पार्ट बदलला आणि गाडी तशीच राहिली, त्याचं कारण हेच.

मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. खटखट वाजलं. मिस्त्री म्हणाले, "ब्रेक दाब." ब्रेक दाबून धरला तरी उजव्या चाकाची खटखट राहिली, डाव्याची गेली. ब्रेक दाबला की हब आणि नकल एक होतात, म्हणजे तेव्हा उरते ती ढिलाई किंगपिनची, जाते ती हबच्या बेअरिंगची. उजवीकडं किंगपिन, डावीकडं हब. चार सेकंदांत निदान.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवायची होती. भेटेल तो एकच सल्ला देतोय: नव्या गाडीचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स टाका, विषय संपला. पुतण्यानं तर व्हिडिओसुद्धा दाखवले. होतं तसं, खोटं नाही. पण त्यासाठी इंजिनवर पंपाला जागा करावी लागते, चासीला पट्टी वेल्ड करावी लागते, कॉलम कापावा लागतो. आणि एवढं केल्यावर ती सगळी ताकद जाणार कुठं? त्याच झिजलेल्या बेलक्रँकवर आणि त्याच किंगपिनवर. हाताला हलकं लागेल, पण चाकाशी ढिलाई तशीच राहील, आणि हलकेपणामुळं ती आपल्याला जाणवणारही नाही. मला हे धोक्याचं वाटतं.

दुसरं असं की २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं मिळतात, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. त्या पाटीवर रोजची ये-जा करता येत नाही, म्हणून आज आम्हाला ती नको. पण उद्या माझ्या मुलीला हवी झाली तर मी कापलेली चासी तिच्या आड येऊ नये.

तेव्हा ठरलं. बॉक्स मूळचाच राहील, पूर्ण नव्यानं बांधून. जिथं मूळ रचनाच कमजोर आहे, म्हणजे बेलक्रँक, तिथं सुधारणा. वेल्डिंग कुठंही नाही. जे बसवू ते बोल्ट काढून परत काढता आलं पाहिजे.

१७ नोव्हेंबर, रविवार

ड्रॉप आर्म काढायलाच सकाळ गेली. शाफ्टवर आणि आर्मवर सेंटर पंचानं समोरासमोर खूण केली, नट सैल केला पण पूर्ण काढला नाही, पुलर लावून ताण दिला आणि रात्रभर तेल पाजलेलं असूनही तो हलेना. मला हातोड्याचा मोह झाला होता. मिस्त्रींनी हात धरला. हातोड्याचा दणका सरळ लिव्हर शाफ्टच्या पिनांवर आणि कॅमवर जातो. ताण तसाच ठेवून आर्मच्या बाजूला थोडी आच दिली आणि दहा मिनिटांनी गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. नट अर्धवट ठेवला होता म्हणून पुलर अंगावर आला नाही.

बॉक्स बाकावर घेतला. बाजूचं झाकण उघडलं तर आत तेलाचा थेंब नाही, काळं घट्ट ग्रीस ठासून भरलेलं. खालच्या सीलमधून तेल गळायला लागलं की हा उपाय सगळेच करतात. गळती थांबते खरी, पण पिना एकदा चरीतून फिरल्या की ग्रीस बाजूला सरकतं आणि परत जागेवर येत नाही. ९० नंबरचं तेल मात्र वाहत परत येतं. या बॉक्सचं आयुष्य त्या ग्रीसनं खाल्लं.

डिझेलनं धुतल्यावर लिव्हर शाफ्टच्या दोन्ही पिना उजेडात धरून पाहिल्या. त्या निमुळत्या, गोल असायला हव्यात. दोघींच्या एका अंगाला नखाएवढी सपाट जागा पडलीय, आरशासारखी चकचकीत. त्या जागेवर बोट फिरवलं की कड लागते. कॅमच्या चरीतही अगदी मधोमध, गाडी सरळ चालताना पिना जिथं असतात तिथंच, झिजेचा चट्टा. दोन्ही टोकांना चरी जवळजवळ नवी. साहजिक आहे. छपन्न वर्षांत गाडी सरळच जास्त चालली.

कॅमच्या वर आणि खाली सुट्या गोळ्यांची बेअरिंगं आहेत, अकरा-अकरा गोळ्या. त्यातल्या तीन गोळ्यांचं कातडं उडालंय. शाफ्टचा बुश अंडाकृती झालाय. नवीन लागणार: कॅम आणि ट्यूब, लिव्हर शाफ्ट, गोळ्या, कप, बुश, सील. घराला म्हणजे कास्टिंगला तडा नाही, हे मोठं नशीब. रॉकेल आणि ब्रश घेऊन मुलीनं तासभर ते घासलं आणि आतून राखाडी, स्वच्छ लोखंड निघालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज दोन्ही नकल उघडले. हब, ब्रेक प्लेट, स्पिंडल, आतला शाफ्ट अशा क्रमानं. उजवीकडचा फेल्टचा सील कुजून पोटीससारखा झाला होता. त्यातून पाणी आत आणि ग्रीस बाहेर, असा व्यवहार किती पावसाळे चालला असेल कोण जाणे. खालच्या किंगपिन बेअरिंगचा कप पुसला तेव्हा त्यावर रोलरच्या अंतरानं आडव्या रेघा कोरलेल्या दिसल्या. ही बेअरिंगं पूर्ण फिरत नाहीत, थोड्याशा कोनात मागं-पुढं होतात. त्यामुळं खड्ड्यांचा सगळा मार त्याच त्याच जागी बसतो. मग नकल फिरवताना त्या रेघांत रोलर अडकल्यासारखा होतो. आबा म्हणायचे, "सरळ जाताना स्टेअरिंग खाचेत बसल्यागत वाटतं." खाच खरीच होती.

बेअरिंगचा नंबर ११५९० आणि कपाचा ११५२०. हे अजून सहज मिळतं. चारही बदलणार.

३ डिसेंबर, मंगळवार

शिवाजी उद्यमनगर. बेलक्रँक आणि त्याची पिन घेऊन ओळखीच्या लेथवाल्या दादांकडे गेलो. आम्हा कोल्हापूरकरांचं हे एक भाग्य. चार गल्ल्यांत कास्टिंग, लेथ, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट सगळं मिळतं, आणि तिथल्या माणसाला नमुना दाखवला की तो ड्रॉइंग मागत नाही.

बेलक्रँक ही या जीपची जुनी दुखरी जागा. ड्रॅग लिंकचा धक्का आणि दोन्ही टाय रॉडचा ओढा, तिन्ही त्या एका पिनवर. मूळ रचनेत आत नीडल बेअरिंग आहेत. काडीएवढे बारीक रोलर. सतत गोल फिरणाऱ्या शाफ्टला ते उत्तम. पण बेलक्रँक जेमतेम थोड्या कोनात डुलतो, म्हणजे किंगपिनसारखाच प्रकार. रोलर जागच्या जागी ठोकले जातात, पिनमध्ये रुततात, आणि वरून चिखलपाणी. आमच्या पिनवर रोलरच्या बाजूला इतका खोल घळ पडलाय की नख अडकतं. व्हर्निअरनं मोजलं तर एका बाजूनं ०.७ मि.मी. झीज.

दादांशी बराच वेळ बोलणं झालं. टेपर रोलर बसवायचा एक विचार होता, पण त्यासाठी बेलक्रँकचं बोअर इतकं वाढवावं लागलं असतं की भोवतीची भिंत पातळ झाली असती. शेवटी फॉस्फर ब्राँझचा बुश ठरला. ब्राँझला डुलण्याचं वावडं नाही. पूर्ण लांबीभर टेकतो, धक्का पसरवून घेतो, आणि झिजला तर स्वतः झिजतो, पिन वाचते. बुश बदलणं दोनशे-तीनशे रुपयांचं काम.

पिन ईएन २४ पोलादाची, टणक करून ग्राइंड केलेली. बुश दाबून बसवल्यावरच शेवटचा बोअर करायचा, कारण दाबताना तो आकसतो. फट ०.०४ मि.मी. बुशच्या आत ग्रीससाठी तिरकी चरी, पिनच्या डोक्यातून ग्रीस निपल, वर-खाली ओ-रिंग. पिन बसते त्या ब्रॅकेटचं भोकही अंडाकृती झालं होतं. तिथं वेल्डिंग न करता भोक रीमरनं गोल केलं आणि पिनची ती बाजू तेवढी जाड ठेवली. हे दादांना आपणहून सुचलं.

संध्याकाळी पिन हातात आली तेव्हा अजून कोमट होती. बेलक्रँकमध्ये घातली, सोडली. पडली नाही. स्वतःच्या वजनानं, सावकाश, हवा बाहेर ढकलत खाली गेली. मी ते चार वेळा केलं.

८ डिसेंबर, रविवार

पार्ट आले. बॉक्सचं सामान दिल्लीच्या काश्मिरी गेटहून एका ओळखीतून मागवलं होतं, ते चांगलं आहे. टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची टोकं मात्र दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतली, स्वस्त मिळाली म्हणून. दिसायला सुरेख, काळा रंग, नवं कोरं रबर.

मिस्त्रींनी बसवण्याआधी एका टोकाच्या निमुळत्या स्टडवर निळ्या रंगाचं बोट फिरवलं, नकलच्या आर्ममध्ये घातलं, अर्धा वळसा दिला आणि बाहेर काढलं. निळा रंग फक्त वरच्या कडेला पुसलेला. खाली सगळा तसाच. म्हणजे स्टडचा टेपर आणि आर्मचा टेपर जुळत नाही. स्टड फक्त एका रेघेवर टेकतो. नट आवळला तर घट्ट लागला असता, स्प्लिट पिनही बसली असती, आणि हजार-दोन हजार किलोमीटरनं भोक चेपून स्टड हलायला लागला असता. हलता स्टड मानेशी मोडतो, आणि टाय रॉड तुटला की ते चाक मनाला येईल तिकडं जातं.

सगळी टोकं परत पाठवली. विक्रेता म्हणाला, "सगळ्यांना हेच देतो, कुणाची तक्रार नाही." असेल. रंग लावून कुणी बघत नसेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

दुसऱ्या ठिकाणाहून टोकं आली. निळा रंग पूर्ण उंचीभर पुसला गेला. जास्तीचे ११०० रुपये गेले, जाऊ देत.

२२ डिसेंबर, रविवार

बॉक्सची जुळणी. आज मी केली, मिस्त्री फक्त खुर्ची टाकून बसले होते.

गोळ्या ग्रीसवर चिकटवून कपात बसवल्या, हा एवढाच ग्रीसचा उपयोग. वरच्या झाकणाखाली शिम असतात, पत्र्याचे पातळ पापुद्रे. त्यांनी कॅमची वर-खाली ढिलाई काढायची. एक शिम कमी केला की कॅम जड फिरतो, एक वाढवला की टकटक. तीन वेळा उघड-झाक केल्यावर तो बोटांनी फिरेल पण वर-खाली हलणार नाही असा झाला.

मग बाजूच्या झाकणाचा स्क्रू. इथं बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो असतो. हा स्क्रू लिव्हर शाफ्टला आत ढकलतो आणि पिना चरीत घट्ट होतात. कॅमची चरी मुद्दामच मधोमध किंचित अरुंद कापलेली असते, म्हणजे सरळ चालताना ढिलाई शून्य आणि वळणावर थोडी मोकळीक. त्यामुळं स्क्रू आवळायचा तो स्टेअरिंग बरोबर मध्यावर ठेवूनच. एका टोकाला नेऊन आवळला तर मध्यावर येताच बॉक्स जाम होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंतचे वळसे मोजले, निम्मे मागं आलो, आणि स्क्रू हळूहळू आत घेतला. मध्यावरून जाताना हाताला अगदी हलका अडथळा जाणवला, जणू दार चौकटीत बसताना. तिथंच थांबून चेक नट आवळला.

९० नंबरचं तेल भरलं. रात्रभर खाली वर्तमानपत्र ठेवलं. सकाळी कोरडं.

२९ डिसेंबर, रविवार

नकल बसवले. किंगपिनच्या टोप्यांखालचे शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंचांचे. वर-खाली सारख्या जाडीचे ठेवायचे, नाहीतर नकल एका बाजूला सरकतो आणि आतल्या शाफ्टचा मध्य चुकतो. सील न लावता नकल बसवायचा, आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढायचं आणि नकल फिरताना काटा किती दाखवतो ते बघायचं. उजवीकडं पहिल्यांदा काटा २ किलोवर, म्हणजे सैल. वर-खाली एकेक पातळ शिम कमी केला, काटा ६ वर आला. डावीकडं पहिल्याच फेरीत साडेपाच. दोन्हीकडं जवळपास सारखं मिळालं, याचं समाधान मोठं.

त्यानंतर नवे सील, नकलमध्ये ग्रीस, हबचे बेअरिंग. अंधार पडला.

५ जानेवारी २०२५, रविवार

पूर्ण जुळणी. बॉक्स आधी चासीवर आवळला आणि कॉलमचा डॅशखालचा क्लँप सगळ्यात शेवटी. उलट केलं तर कॉलम वाकलेल्या स्थितीत धरला जातो, आणि मग वरचं बेअरिंग आणि कॅम दोन्ही झिजतात.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवणं, दोरीनं लावला. दोन टाय रॉड असल्यामुळं आधी बेलक्रँक मध्यावर, मग एकेक चाक वेगळं सरळ करायचं. रॉडच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, त्यामुळं रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. या जीपला टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे १.२ ते २.४ मि.मी. लागतो. २ मि.मी. ठेवला.

टायरही बदलले. मधल्या काळात कुणाच्या तरी हौसेनं रुंद टायर आले होते. आता मूळ मापाचे ६.००-१६. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवून बघितलं आणि पुतण्यालाही फिरवायला दिलं. पॉवर स्टेअरिंगचा विषय त्यानं परत काढलेला नाही. जडपणा निम्मा त्या टायरांचा होता, निम्मा सुक्या किंगपिनांचा.

रिमवरची ढिलाई: २.२ सें.मी.

संध्याकाळी बांधावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. ढिलाई गेली, खाच गेली. पण एक नवीनच गोष्ट ध्यानात आली. वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. जिथं सोडू तिथंच राहतं. पन्नासच्या वेगाला सतत दुरुस्ती करत राहावं लागतं. इतकं करून गाडी आबांच्या हातात द्यायच्या लायकीची झालेली नाही.

८ जानेवारी, बुधवार

कारण सापडलं. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा माथा मागं किती कललाय तो कोन. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडूनही ती सरळ जाते, तेच इथं. या जीपला ३ अंश हवा. किंगपिनच्या टोपीवर कोनमापक ठेवला तर अर्धा अंश निघाला.

अक्सल वाकलाय का म्हणून काळजाचा ठोका चुकला. मग सहज मागं जाऊन पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजले. मागं दोन पाटे जास्तीचे आहेत! गुळाचं वजन पेलावं म्हणून आजोबांनी टाकलेले. त्यांनी मागची बाजू ५ सें.मी. उचलली गेलीय, आणि पुढचे पाटे बसून ३ सें.मी. खाली आलेत. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच, म्हणजे २०३ सें.मी. त्यावर ८ सें.मी.चा उतार म्हणजे सव्वादोन अंश. गाडी नाकावर झुकली, तिच्याबरोबर अक्सलही पुढं कलला आणि कॅस्टर गेला. गटारीत नेणारं हे दुसरं कारण. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मागच्या पाट्यांत केलेली गोष्ट पुढच्या चाकांत बाधली.

पाटे काढणार नाही. आबांना हौद्यात माल घालायचाच आहे. पुढच्या पाट्यावर अडीच अंशाची लोखंडी पाचर घालायची.

१२ जानेवारी, रविवार

पाचरी उलट्या बसल्या. चूक माझी. कोनमापक लावायच्या आधीच यू-बोल्ट आवळून चालवायला नेली. स्टेअरिंग फुलासारखं हलकं आणि गाडी सापासारखी. तीसच्या वर नेववेना. परत येऊन मापलं तर उणे दोन अंश.

या जीपला पाटे अक्सलच्या खालून आहेत, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढं हवी. मी मागं केली होती. आता पाचरींवर पंचानं बाण मारून ठेवलेत.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

पाचरी फिरवल्या. डावीकडं ३, उजवीकडं २.९ अंश. पुढचा डिफरन्शिअल तेवढा खाली वळला, म्हणून पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हातानं पूर्ण फिरवून पाहिले, कुठं अडकत नाहीत.

चौकातून वळवलं आणि हात सैल सोडले. रिम तळव्यातून सरकत सरकत आपली आपण मध्यावर आली.

काही जणांनी स्टेअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर लावा म्हणून सांगितलं. नाही लावला. उद्या एखादा सांधा सैल झाला तर त्याची थरथर मला हातात यायला हवी. डॅम्पर ती दाबून टाकेल.

२६ जानेवारी, रविवार

पन्हाळा. सकाळी साडेसहाला निघालो, धुकं होतं. घरापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि शेवटी घाट. मिस्त्री शेजारी, आबा मागं हौद्यात घोंगडं अंगावर घेऊन बसलेले. पुढं बसा म्हटलं तर ऐकेनात.

चढताना वळणांवर गाडी जिथं बघेन तिथं जात होती. उतरताना मिस्त्रींनी गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरले, दोन्ही टाय रॉडच्या टोकांना, बेलक्रँकला, किंगपिनच्या टोप्यांना हात लावून पाहिले. कुठं गरम नाही. मग मागं जाऊन म्हणाले, "आबा, या पुढं. आता तुम्ही घ्या."

आबा काही न बोलता उतरले. सीट थोडी पुढं ओढली. पहिल्या वळणाआधी त्यांनी सवयीनं स्टेअरिंग लवकर वळवलं, जुनी ढिलाई हिशेबात धरून. गाडी लगेच आत आली, तसं त्यांनी चटकन सावरलं. दुसऱ्या वळणालाही तसंच. तिसऱ्या वळणाला बरोबर वेळेवर. त्यांच्या हातांनी इतक्या वर्षांत जे शिकून ठेवलं होतं, ते तीन वळणांत सोडून दिलं. वाघबीळच्या खाली सपाटीला आल्यावर एवढंच म्हणाले, "अशीच होती ही. नवी होती तवा."

२३ फेब्रुवारी, रविवार

६१० किलोमीटर झाले. मार्केट यार्डाच्या पाच फेऱ्या, त्यातल्या तीन आबांच्या. आज सगळं परत तपासलं.

रिमवर ढिलाई २.२ सें.मी., बदल नाही. यू-बोल्ट पाचरी बसल्यामुळं किंचित सैल झाले होते, पुन्हा आवळले. स्प्लिट पिना सगळ्या जागेवर. बॉक्सच्या तेलाची पातळी तीच. बेलक्रँकच्या निपलला ग्रीस मारलं तर खालच्या ओ-रिंगच्या कडेनं स्वच्छ पिवळं ग्रीस बाहेर आलं, काळं नाही. पुढचे दोन्ही टायर आत-बाहेर सारखे झिजतायत.

उजव्या नकलच्या सीलपाशी बारीक ओल दिसतेय. फेल्ट अजून बसायचा असेल, पण पावसाळ्याआधी एकदा उघडून बघायचं. खर्चाची बेरीज आज केली: टायर धरून ३८,६५०.